बिजलीचं खातं



मागच्या वेळी मुगाच्या वड्या कशा वाळवायच्या ते लिहिलं होतं. आज विषय वेगळाच आहे. आज कुत्र्यांबद्दल लिहायचं आहे. नाक मुरडू नका. तीन वर्षांपूर्वी मीही मुरडलं होतं.

आमचं गाव केळापूर. तालुक्याला नाव आमच्या गावाचं, पण कचेरी अन् बाजार पांढरकवड्याला. शेती कापूस-तुरीची. टिपेश्वरचं जंगल जवळ असल्यामुळे शेतात रानडुकरं अन् रोही यांचा त्रास कायमचाच. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा शेती पाहतो. एक दिवस तो लातूरकडच्या एका शेतकऱ्याकडून कारवानी जातीची कुत्री घेऊन आला. नाव ठेवलं बिजली. लांब पाय, पाठीला चिकटलेलं पोट, अरुंद डोकं. मला तर ती आठ दिवस उपाशी असल्यासारखीच वाटली. मी म्हटलं, "हिला आधी खाऊ तर घाल!" तो हसला. "मोठीमम्मी, ही अशीच असते. पळणारी जात आहे."

मग त्यानं मला माहिती सांगायला सुरुवात केली अन् मी भाजी निवडता निवडता ऐकत गेले. आपल्या महाराष्ट्रात जिला कारवानी म्हणतात, केसाळ असली तर पश्मी म्हणतात, तीच कर्नाटकात मुधोळची कुत्री म्हणून ओळखली जाते. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी या जातीला राजाश्रय दिला आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली असं सांगतात. 2005 साली पोस्टानं चार भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होती. पुढे सैन्यानंही मेरठच्या आपल्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी नेली. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींची नावं घेतली, त्यातही ती होती. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्रसुद्धा आहे. आपल्याकडे कुत्रा म्हटला की लोकांना लॅब्रेडॉर अन् पामेरियनच आठवतात. ही आपल्या मातीतली जात टिकवली ती गावोगावच्या शेतकऱ्यांनी अन् मेंढपाळांनी, भाकरी अन् दूध घालून.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुतण्या म्हणाला, "बिजलीची पिल्लं काढायची, चांगल्या घरी द्यायची, शुद्ध जात वाढवायची." माझा हात भाजीवर थांबला.

तुम्ही प्रतिक्रमण करणाऱ्या आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. सातव्या व्रताच्या पाठात पंधरा कर्मादानं येतात. श्रावकानं जाणावीत पण आचरू नयेत अशी. त्यात केसवाणिज्ज आहे, म्हणजे केसवाल्या जीवांचा व्यापार. शेवटचं असईजणपोसणया, त्याच्या अर्थात शिकारी अन् हिंस्र जनावरं धंद्यासाठी पाळणंही सांगतात. रोज संध्याकाळी ज्याचं मिच्छामि दुक्कडम् मी म्हणते, तेच माझ्या घरी होणार? मी स्पष्ट सांगितलं, "कुत्री पाळ. धंदा नको."

तो वाद घालत बसला नाही. फक्त म्हणाला, "तुम्ही बी.कॉम. आहात. माझं खातं लिहा. त्यात धंदा दिसला तर सांगा, मी बंद करतो."

अशी मी त्यात ओढली गेले. चाळीस वर्षांपूर्वीची पदवी, किराण्याच्या यादीपलीकडे कधी वापरली नव्हती. लाल वही आणली. पहिलाच प्रश्न पडला, बिजलीला कुठं दाखवायचं? यंत्रासारखी मालमत्ता धरली तर दरवर्षी घसारा काढावा लागेल. जिवंत जीवावर घसारा लिहायला हात होईना. ते पान कोरंच राहिलं.

खातं लिहिता लिहिता मला या लोकांचं जगणं कळायला लागलं. आपल्याला वाटतं, नर-मादी एकत्र सोडली की झालं. तसं करणारेही आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी. मनापासून करणारा माणूस आधी दोन वर्षं वाट पाहतो. 2017 च्या सरकारी नियमांप्रमाणे मादी निदान दीड वर्षाची हवी, आठ वर्षांच्या वर नको, आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेत नकोत. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकता येत नाही. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. केनेल क्लबकडे आई-बाप दोघांची नोंद असेल तरच पिल्लांना वंशावळीचा कागद मिळतो. अन् गावाकडच्या चांगल्या कुत्र्यांकडे बहुतेक वेळा कागद नसतो.

नर शोधणं हे तर मुलीला स्थळ पाहण्यापेक्षा अवघड. जवळचा नर नात्यातला निघतो. नात्यात जोडी लावली की पिल्लं अशक्त होतात, एखादा दोष पक्का होऊन बसतो. पुतण्यानं तीन नर पाहून नाकारले. शेवटी सोलापूरकडे एक मिळाला. दोघं रात्रभर गाडीनं गेले, बिजलीसकट. दारची दोन कुत्री सोडून एवढ्या लांब कशाला, असं आमच्या घरी सगळेच म्हणाले.

कुत्रीला साधारण त्रेसष्ट दिवस लागतात. शेवटच्या दिवशी तिच्या अंगाचा ताप उतरतो, म्हणून दिवसातून तीनदा थर्मामीटर लावायचा. पौषातली थंडी होती. शेतावरच्या खोलीत गोणपाट अन् माझ्या जुन्या सुती साड्या अंथरल्या. रात्री दोनला पहिलं पिल्लू झालं, पहाटे सातवं. पाचवं निपचित होतं. पुतण्यानं ते टॉवेलात धरून चोळलं, चोळतच राहिला. मी दाराशी उभी राहून नवकार म्हणत होते. मग त्यानं तोंड उघडलं. मैत्रिणींनो, मी तीन बाळंतपणं पार पाडली, दोन सुनांची केली. तरी त्या मूठभर जीवाचा आवाज ऐकून माझे पाय थरथरले.

रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सातही जणांचं वजन. ज्याचं वाढलं नाही त्याला आईच्या मागच्या सडाला लावायचं, तिथं दूध जास्त असतं. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले. काटा मात्र मी परत घरात घेतला नाही, नवीन आणला. तेवढा सोवळेपणा माझा राहिला.

पाचव्या आठवड्यात पार्व्हो आला. पिल्लू पाहायला येणाऱ्यांच्या चपलेतूनही तो येतो. मातीत महिनोन् महिने जगतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. आईच्या दुधातून मिळालेली शक्ती कमी होते आणि लस अजून लागू व्हायची असते, त्या फटीत तो पिल्लांना गाठतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त उलट्या, रक्ताची हगवण अन् त्या एवढ्याशा पायात सलाईनची सुई दिसत होती. पुतण्या अन् त्याची बायको चार रात्री झोपले नाहीत. सातातली चार पिल्लं गेली. तो पाचवाही गेला.

दिगंबर परंपरेत जीवंधरकुमाराची कथा आहे. मरणाऱ्या कुत्र्याला त्यानं णमोकार मंत्र ऐकवला अन् तो जीव देवगतीला गेला. लहानपणी शेजारच्या मावशींकडून ऐकली होती. त्या रात्री मी खाली जमिनीवर बसले आणि चौघांच्याही कानाशी नवकार म्हटला. शिवाशिव, सोवळं, काही आठवलं नाही.

मग खातं लिहायला बसले. गाडीभाडं 9,000. नराच्या मालकाला 8,000. खुराक 11,500. डॉक्टर, औषधं, सलाईन 16,000. लसी, मायक्रोचिप, नोंदणी 4,500. एकूण 49,000. तिघांपैकी दोन पिल्लं 12,000 प्रमाणे गेली, जमा 24,000. तोटा 25,000. त्यात रात्रींची मजुरी धरलेली नाही. पुतण्याला म्हटलं, "धंदा दिसत नाही बाबा यात. वेडेपणा दिसतो."

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला वेळ लागला.

तिसरं पिल्लू मादी होतं, सर्वांत चपळ. एक दिवस पुतण्या यवतमाळला गेला होता, तेव्हा एक गृहस्थ आले. गाडी मोठी, बोलणं गोड. पिल्लू पाहिलं अन् म्हणाले, पंचवीस हजार देतो. माझ्या डोळ्यांसमोर वहीचं पान आलं. पंचवीस हजार तोटा, पंचवीस हजार जमा, खातं बरोबर शून्यावर. त्याच महिन्यात पतसंस्थेचा हप्ता होता. त्यांनी कौतुकानं मोबाईलवर आपली कुत्री दाखवली. एका फोटोत दोन कुत्री अन् त्यांच्यापुढे ओळीनं मांडलेले ससे.

मी फोटो पाहिला. मला कळलं. ससा मारणं 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे हेही माहीत होतं. तरी मी पाच हजार अनामत घेतली अन् पावती लिहून दिली. स्वच्छ अक्षरात.

पुतण्याला फक्त रक्कम सांगितली. दोन दिवसांनी त्यानं त्या गृहस्थांना फोन लावला, नेहमीसारखे प्रश्न विचारायला. जागा केवढी, बांधून ठेवणार का, घरी कोण असतं. त्यातून शिकारीचं निघालं. तो माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मोठीमम्मी, फोटो तुम्ही पाहिला होता?"

मी म्हटलं, "हो."

तो काही बोलला नाही. अनामत परत केली, हप्त्यासाठी बायकोचं कानातलं गहाण ठेवलं. कर्मादानाचा पाठ मी त्याला शिकवला होता. पाळला त्यानं.

त्या चातुर्मासात महासतीजींपुढे मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या एक तर बंद करा म्हणतील किंवा जात टिकवणं पुण्याचं म्हणून दिलासा देतील. त्या म्हणाल्या, "विकता आहात तर कर्मादान आहेच. त्याला दुसरं नाव देऊ नका. आणि पहिल्या व्रताचे पाच अतिचार आठवा. त्यातले रोज किती होतात, ते वहीत लिहा."

बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त भार घालणं, अन्नपाणी तोडणं. तेव्हापासून वहीत पैशांच्या बाजूला ही पाच घरं आखली आहेत. बांधणं : दिवसा नाही, रात्री बिबट्याच्या भीतीनं खोलीत बंद. मारणं : नाही. कापणं : काही ठिकाणी परदेशी जातींचे कान-शेपट्या दिसण्यासाठी छाटतात, आमच्याकडे नाही. भार : कायदा पाच वेतं म्हणतो, पुतण्यानं ठरवलं दोनच, अन् ती झाली. अन्न : इथं माझं अडतं. ज्वारीची भाकरी, दूध, वरण मी करून देते. पण गाभण असताना आणलेल्या तयार खाऊच्या पिशवीवरचं बारीक अक्षर मी उशिरा वाचलं, त्यात कोंबडी होती. आता शाकाहारी पिशवी मागवतो, डॉक्टरांना विचारून. बिजलीचं वजन कमी होऊ नये म्हणून महिन्याला काट्यावर घेतो. पुढे ते जमेल का, सांगता येत नाही. ते घर अजून रिकामं आहे.

ती चपळ मादी आमच्याकडेच आहे. दुसऱ्या वेतातल्या पिल्लांसाठी दोन घरं पुतण्यानं नाकारली, तीन जणांना दिली. पावतीवर आता एक ओळ मीच टाकते : सांभाळणं जमलं नाही तर परत आणून द्या, विकू नका, सोडू नका. वंशावळीचा कागद अजून मिळालेला नाही. नव्यानं जोडी लावायची की थांबायचं, यावर घरात बोलणं चालू आहे. मी माझं मत दिलं आहे, पण आता थोडं हळू आवाजात.

मागच्या संवत्सरीला नेहमीप्रमाणे मोठ्यांना खमतखामणा करून झाल्यावर मी पुतण्यापुढे हात जोडले. तो संकोचला, मागे सरकला. "मोठीमम्मी, तुम्ही मोठ्या आहात." मी म्हटलं, "पावती मी लिहिली होती, बेटा. मिच्छामि दुक्कडम्."

तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला घरी जातीचं कुत्रं हवं असेल तर एवढं करा. पिल्लाची आई पाहायला मागा. ती कुठे झोपते, तिची किती वेतं झाली, विचारा. देणारा माणूस तुम्हालाच उलट दहा प्रश्न विचारेल तर रागावू नका. अन् जो एकही प्रश्न न विचारता पैसे मोजून घेईल, त्याच्या दारातून रिकाम्या हातानं परत या. माझ्या दारात एकदा असं झालं होतं, म्हणून सांगते.