पावसात पुसलेला ठिपका

भाच्याला यंदा इंजिनिअरिंगला रडार हा विषय आहे. सुट्टीत बेळगावला गेलो तेव्हा म्हणाला, "मामा, तू जहाजावर रोज वापरतोस की! सोपं करून सांग." सांगितलं, पण एक गोष्ट गाळली. ती इथे लिहितो.

रडार म्हणजे हाक आणि पडसाद. फिरता अँटेना रेडिओलहरींचा क्षणभराचा झोत सोडतो आणि गप्प राहून कानोसा घेतो. समोर काही असेल तर लहरी आपटून परत येतात. पंधरा किलोमीटरवरच्या जहाजाचा पडसाद सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात येतो. वेळेवरून अंतर, अँटेनाच्या तोंडावरून दिशा. लोखंडाचा पडसाद दणदणीत, लाकडाचा फिका.

मोठ्या जहाजावर दोन रडार असतात. तीन सेंटिमीटर लहरींचं बारीकसारीकही दाखवतं, पण पाऊस आला की पावसाचेच पडसाद पडदाभर. दहा सेंटिमीटरच्या लहरी पावसातून बऱ्याच पार जातात, पण चित्र जरा भरड. (आम्हाला नकोसा वाटणारा हाच पडसाद हवामान खात्याला हवा असतो. त्यांचं डॉप्लर रडार लहरींच्या वारंवारतेतल्या फरकावरून ढगातला पाऊस जवळ येतोय की लांब जातोय, तेही सांगतं.)

मी तेव्हा नवा थर्ड ऑफिसर होतो. ऑक्टोबर, परतीचा पाऊस, रात्री आठ ते बाराची पाळी, मालवणसमोरून उत्तरेला चाललेलो. तीन सेंटिमीटरचा पडदा पावसाने भरून गेला. पाऊस पुसण्याचं बटण मी फिरवत गेलो. पडदा स्वच्छ झाला. बरं वाटलं.

"साब, बत्ती!" बाहेर भिजत उभा असलेला खलाशी ओरडला.

डाव्या अंगाला, अगदी जवळ, लाकडी होडी. जहाज उजवीकडे वळवलं. जहाज काही रिक्षा नव्हे. वळायला लागेपर्यंत जीव गळ्याशी आला. होडीतला माणूस बॅटरी हलवत राहिला आणि मागे पडला.

मग दुसऱ्या पडद्यापाशी गेलो. तिथे एक ठिपका दिसत होता, विझत होता, पुन्हा दिसत होता. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. पावसाबरोबर मी ती होडीही पुसली होती.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. लहानपणी अशाच होडीत बसून मी मासे धरायला गेलेलो आहे.

आता पावसात मी बटण थोडंच फिरवतो, दोन्ही पडदे पाहतो आणि एक माणूस बाहेर उभा करतो. हे वाचून भाच्याचा फोन येईलच.