नगर रस्त्यावरच्या उजेडात

रविवार, २१ सप्टेंबर २०२५
उद्या घट बसणार. आईने नवरात्रासाठी पाचशे रुपये हातावर ठेवले. "काय हवं ते घे, पण शोभेल असं घे." शोभेल असं म्हणजे कसं, हे मात्र कुणीच सांगत नाही. आज सर्वपित्री, त्यामुळे आजीची ताकीद : अमावास्येला नवं काही आणायचं नाही, नुसतं बघून यायचं.

कारेगावहून रांजणगावला गेलो, मी आणि मैत्रीण. दुकानदाराने मनगटाच्या आतल्या बाजूला फाउंडेशन लावून दाखवलं. तिथली कातडी मुळातच उजळ, त्यात त्याने शेडही वरचीच काढली. "सगळ्या एक शेड गोरीच नेतात," म्हणाला. ट्यूबलाइटखाली बरं दिसत होतं. मग जबड्याच्या कडेला थोडं लावलं आणि बाहेर रस्त्यावर येऊन मोबाइलमध्ये पाहिलं. गळा एकीचा, तोंड दुसरीचं! नाही घेतलं, अमावास्या पथ्यावर पडली.

मंगळवार, २३ सप्टेंबर
आज लाल. सकाळी कंपनीच्या बसथांब्यावर पहिल्या पाळीच्या बायका बहुतेक सगळ्या लाल कपड्यांत. वरच्या खोलीत राहणारी जालन्याची ताई एमआयडीसीत कामाला आहे. तिची तयारी दारात उभी राहून पाहिली. विटकरी लिपस्टिक ओठांच्या मधोमध टेकवली, बोटाने कडेपर्यंत पसरवली, बोटाला राहिलेला रंग गालांच्या हाडांवर थोपटला, अगदी उरलासुरला पापण्यांवर. संपलं. वेणी घालायला तिला याहून जास्त वेळ लागला.

दुपारी मी रीलमधला मेकअप करून पाहिला. गालाखाली गडद रेघ, नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघ, डोळ्यांखाली पांढरा त्रिकोण. रीलवालीला फार छान दिसतं. मला अंगणात आल्यावर रेघा रेघाच दिसल्या. विचार केला तेव्हा लक्षात आलं, तिच्यासमोर रिंगलाइट आहे. समोरून सारखा उजेड पडला की चेहऱ्यावरच्या सावल्या पुसल्या जातात, म्हणून तिला त्या रंगवून परत आणाव्या लागतात. नाटकातल्या रंगभूषेचंही तेच, शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाक-डोळे दिसले पाहिजेत. माझ्याशी माणसं हातभर अंतरावरून बोलतात आणि ऊन डोक्यावरून येतं. सावल्या माझ्याकडे आयत्याच आहेत.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
वर्गातल्या एकीचे गाल उन्हात गेलं की लालभडक होतात. ती कुणीतरी सुचवलेली 'गोरं होण्याची' ट्यूब लावत होती. मावसबहीण डी. फार्मसी करते, तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन : "अगं, हे स्टेरॉइड आहे. तिला म्हणावं, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा." अशा मलमांनी आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

मावसबहिणीनेच अकोल्याची गोष्ट सांगितली. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला, क्रीममध्ये पारा होता. २०२३ साली बातम्या आल्या होत्या. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे असतो, ते तयार होणंच पारा रोखतो, म्हणून तो त्यात घालतात. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी नसेल तर हात लावायचा नाही, असं तिने मला दोनदा बजावलं.

रविवार, २८ सप्टेंबर
पाऊस. दांडियाच्या मैदानात नुसता चिखल, कार्यक्रम रद्द. मैत्रीण मस्कारा मागायला आली, दिला नाही. रागावली. पण डोळ्यांची साथ अशीच पसरते, काजळ आणि मस्कारा ज्याचा त्याने वापरावा.

घरी बसल्या बसल्या आजीचं कुंकू नीट बघितलं. आधी अनामिकेने मेणाचा ठिपका, मग चिमटीने पिंजर दाबायची, मग करंगळीने कडा पुसत पुसत गोल करायचा. आरसा तिला लागतच नाही. लग्न असो, शेतावर जायचं असो, गोल तेवढाच. तिला विचारलं, कधी मोठं लावावंसं नाही वाटलं? म्हणाली, "माझ्या कपाळाला एवढंच पुरतं."

जालन्याच्या ताईचं आणि आजीचं एक जुळतं. दोघी लावतात आणि विसरून जातात. मी रीलवाला मेकअप केला त्या दिवशी दर दहा मिनिटांनी आरशाकडे धावत होते.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
खरेदी झाली. पावसाळी असलं तरी रोज लावायला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, एक काजळ, एक विटकरी लिपस्टिक. लिपस्टिक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबले, खाज नाही, पुरळ नाही. फाउंडेशन घेतलंच नाही. हनुवटीवरचे दोन फोड दिसतात, दिसू देत.

सोनं वाटायला गल्लीभर फिरले. आत्याला ओठ गडद वाटले, काकूला फिके. दोघींना आपट्याची पानं दिली आणि पुढच्या घरी गेले. भुवयांचं तेवढं राहिलंय. पार्लरवाल्या ताई बारीक करूया म्हणतात, मला जाडच आवडतात.