अब्बांचे शेवटचे नऊ दिवस

मी शाळेत मराठी शिकवतो. दरवर्षी सहावीच्या मुलांना मी 'माझे वडील' हा निबंध लिहायला देतो. त्या निबंधाची एक गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करत. पाळी रात्रीची, बारा तासांची. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. शुक्रवारी कारखाना बंद असे. तेवढा एकच दिवस ते आमच्या वाट्याला येत.

दोन वर्षांपूर्वी अब्बांची मूत्रपिंडे निकामी झाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता यांना घरी न्या. त्यांच्याजवळ बसा."

मी रजा काढली. पण येताना वह्यांचा गठ्ठा बरोबर आणला. अब्बांच्या खाटेजवळ बसून मी वह्या तपासू लागलो. दोन दिवस असेच गेले. मी जवळ होतो, पण माझे लक्ष वह्यांत होते.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी विचारले, "बेटा, मुलांनी काय लिहिले आहे?"

मी त्यांच्या कानाशी एक निबंध मोठ्याने वाचला आणि उर्दूत अर्थ सांगितला. अब्बा खूश झाले. "आणखी वाच," म्हणाले. कोणाचे वडील हातगाडी ओढत होते, कोणाचे शिंपी होते. वाचता वाचता मी अडखळलो.

मीही सहावीत हा निबंध लिहिला होता. 'माझे वडील कचेरीत कारकून आहेत,' असे त्यात लिहिले होते. अब्बांच्या कपड्यांना चिकटलेल्या कापसाची मला लाज वाटे. अब्बांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी त्या वहीवर कौतुकाने सही केली होती.

मी खाली मान घालून त्यांना सारे सांगितले. अब्बा हळूच हसले. "तुझ्या गुरुजींनी मला तेव्हाच सांगितले होते."

"मग तुम्ही रागावला का नाहीत?"

"रागावलो असतो, तर तू खोटे लिहिणे सोडले असतेस. पण लाज गेली नसती. ती तुझी तुलाच जायला हवी होती."

मी वह्या बांधून ठेवल्या. पुढे मी त्यांचे पाय चेपले, ओठ ओले केले, त्यांच्या कामाच्या गोष्टी ऐकल्या. एकदा त्यांनी मला तुटलेला धागा जोडून दाखवला. बोटे थरथरत होती, पण गाठ बरोबर बसली. मला ती तीनदा करूनही जमली नाही.

नवव्या दिवशी फजरच्या वेळी अब्बा गेले. अम्मी उशाशी सूरह यासीन वाचत होती.

शाळेत परतल्यावर मी फळ्यावर लिहिले, 'माझे वडील यंत्रमाग कामगार होते.' मग वर्गाला अब्बांची गोष्ट सांगितली. तास संपल्यावर एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझी वही द्या. एक ओळ बदलायची आहे."

कोणती ओळ, ते मी विचारले नाही. वही त्याच्या हातात दिली.

मित्रांनो, तुमचे वडील दिवसभर काय काम करतात, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? आज विचारा, आणि ते सांगतील तेव्हा जवळ बसून ऐका.