साठीनंतरचें बीजगणित

विद्यार्थिदशेला वयाची मर्यादा आमच्या शास्त्रकारांनीं घातली नाहीं. घातली ती लोकरीतीनें. साठी उलटलेल्या गृहस्थानें पोथी वाचावी, देवदर्शनास जावें, नातवंडें खेळवावींत, एवढें लोकांस मान्य असतें. पण त्यानें वही-पेन्सील घेऊन परीक्षेस बसावें, हें मात्र हंसण्यासारखें वाटतें. आम्हीं वयाच्या ६१ व्या वर्षीं, म्हणजे २०१८ सालच्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या एका कम्युनिटी कॉलेजांत प्राथमिक बीजगणिताचा अभ्यास केला. आमची कन्या व जांवई तेथें स्थायिक झालेलीं असून आम्ही उभयतां त्यांजकडे राहावयास गेल्याला तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. त्या चार महिन्यांत जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख.

प्रथम ह्या कॉलेजांविषयीं थोडेसें. इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं निघालेली संस्था ही त्या जातीच्या चालू सार्वजनिक संस्थांत सर्वांत जुनी होय. कॅलिफोर्नियानें १९०७ सालीं कायदा करून तेथील हायस्कुलांस पुढील शिक्षणाचे वर्ग काढण्याची मुभा दिली, आणि आज त्या एका राज्यांत अशीं ११६ कॉलेजें आहेत. अठरा वर्षें पुरीं झालेल्या कोणासही येथें प्रवेश मिळतो. मागील गुणपत्रकाची अट नाहीं. दोन वर्षांचा क्रम पुरा करून पुढें विद्यापीठांत जातां येतें, किंवा परिचारिका, सुतार, हिशेबनीस असा एखादा धंदा शिकतां येतो. १९८४ पर्यंत तर तेथें फीही नव्हती. आमच्या वेळीं राज्यांतील रहिवाशास दर युनिटास ४६ डॉलर पडत. आमचा विषय पांच युनिटांचा असल्यामुळें २३० डॉलर भरून आम्ही पुन्हां विद्यार्थी झालों.

विषय बीजगणितच कां, असें पुष्कळांनीं विचारलें. १९७४ सालीं मॅट्रिक झाल्यावर आम्ही पाठशाळेंत काव्य-व्याकरण शिकलों, आणि पुढें निवृत्त होईपर्यंत मुलांस संस्कृत शिकविलें. पाठशाळेंत गुरुजींनीं समास सोडविण्याच्या अभ्यासाकरितां भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील कांहीं श्लोक आम्हांकडून पाठ करून घेतले होते. अज्ञात राशीला आचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, आणि अज्ञात राशि अनेक असल्या तर त्यांस कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें देतात. त्या श्लोकांचा अन्वय आम्हांस लावतां येई, विग्रह सांगतां येई, छंद ओळखतां येई. मात्र राशि काढतां येत नसे. भांड्यावरचें नांव वाचावें आणि झांकण उघडूं नये, तशांतला हा प्रकार चाळीस वर्षें चालला होता. चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. तेथें आजोबांच्या विद्येकरितां नातवानें मठ काढला. येथें नातीच्या पुस्तकांतील ‘क्ष’ पाहून आजोबा शाळेंत गेले, इतकाच फरक!

वर्ग सोमवारीं व बुधवारीं सायंकाळीं साडेसहाला भरे आणि नवाला सुटे. आमच्या बांकांवर नुकतीं हायस्कुल सोडलेलीं मुलें होतीं, तशीच गोदामांत दिवसभर खोकीं उचलून आलेलीं माणसेंही होतीं. शिकविणारे गृहस्थ चाळिशीच्या आंतले, विषयांत तयार आणि स्वभावानें गरीब. पण त्यांची नेमणूक अर्धवेळ. आठवड्यांत तीन कॉलेजांस त्यांस मोटार हांकीत जावें लागे. फळ्याकडे पाठ न करतां लिहिण्याची त्यांची हातोटी पाहून आमच्यासारख्या जुन्या मास्तराचें मन प्रसन्न होई.

आमच्या शेजारीं मेक्सिकोंतून आलेली, पंचेचाळीस वर्षांची एक बाई बसे. ती वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करी आणि परिचारिकेच्या अभ्यासक्रमास जाण्याची तिची इच्छा होती. तो मार्ग ह्या बीजगणितावरून जाई. ती दोनदां नापास झालेली होती. त्या राज्याच्या नियमानें एका कॉलेजांत एकच विषय साधारणपणें तीनदांच घेतां येतो. म्हणजे ही तिची शेवटची संधि. आम्हांस ती आपल्या भाषेंत ‘माएस्त्रो’, म्हणजे मास्तर, अशी हांक मारी.

एके दिवशीं तिनें विचारलें, “माएस्त्रो, वजा गुणिले वजा अधिक कसें होतें? मी पाठ केलें आहे. पण तें मला पटत नाहीं.” आम्हांस ब्रह्मगुप्ताची आठवण झाली. त्यानें ६२८ सालीं ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त धन, ऋण व शून्य ह्यांच्या गणिताचे नियम सांगितले, आणि ऋण ह्या शब्दाचा अर्थच मुळीं कर्ज. आम्ही म्हणालों, “बाई, तुमच्यावर वाण्याच्या पांच-पांच डॉलरांच्या तीन चिठ्ठ्या आहेत. वाण्यानें त्या तिन्ही फाडून टाकल्या. तुमचें काय झालें?” ती क्षणभर थांबून म्हणाली, “पंधरा डॉलर वांचले.” आम्ही म्हणालों, “कर्ज हें वजा, काढून टाकणें हेंही वजा. आणि तुमची स्थिति पंधरानें सुधारली.” कर्ज म्हणजे काय हें त्या बाईस कोणी शिकवावयास नको होतें. त्या दिवसापासून तिची त्या नियमाशीं ओळख झाली. पूर्वीं नुसतें पाठांतर होतें.

सत्राच्या शेवटीं वर्गसमीकरणें आलीं. तेथें अपूर्णांकांच्या भीतीनें अर्धा वर्ग घाबरून गेला. भास्कराचार्यांनीं श्रीधराच्या नांवानें दिलेली एक रीत आहे. वर्गाच्या गुणकाच्या चौपटीनें दोन्ही बाजूंस गुणावें आणि मूळच्या अव्यक्ताच्या गुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा, म्हणजे अपूर्णांक आडवे येत नाहींत. उदाहरणार्थ, क्षच्या वर्गाची दुप्पट आणि क्षची पांचपट मिळून ३३ होतात. आठांनीं गुणलें कीं क्षवर्गाची १६ पट आणि क्षची ४० पट मिळून २६४. दोन्हीकडे पांचाचा वर्ग २५ मिळविला कीं डावीकडे ‘चार क्ष अधिक पांच’ ह्याचा पूर्ण वर्ग होतो आणि उजवीकडे २८९, म्हणजे १७ चा वर्ग. चार क्ष अधिक पांच बरोबर सतरा. म्हणून क्ष तीन. दुसरें उत्तर ऋण येतें, आणि व्यवहारांतील उदाहरणांत असें ऋण उत्तर लोकांस रुचत नाहीं, असें आचार्यांनींही म्हटलें आहे. ही रीत आम्हीं शिक्षकांस दाखविली. त्यांनीं ती पुढल्या तासाला श्रीधराचें नांव घेऊन फळ्यावर मांडली, तेव्हां आमच्या पाठशाळेंतले गुरुजी कोठेंतरी ऐकत असतील असें मनांत आलें.

डिसेंबरांत परीक्षा झाली. आरंभीं भरलेला वर्ग अर्ध्याहून थोडा अधिक उरला होता. एक तरतरीत तरुण नवव्या आठवड्यांत दिसेनासा झाला. गोदामांत त्याची पाळी सायंकाळची झाली, एवढेंच मागून कळलें. बुद्धि कमी म्हणून गेलेले थोडे. वेळ, पैसा किंवा घरचें दुखणें आडवें आलें म्हणून गेलेले फार. आमच्या शेजारच्या बाई तिसऱ्या श्रेणींत, पण उत्तीर्ण झाल्या. निकाल पाहून त्यांनीं आमच्या सौभाग्यवतीकरितां घरीं केलेले तामाले पाठविले. आंत केवळ मका व घेवडा असल्याची त्यांनीं खात्री दिली होती.

आतां मुख्य गोष्ट. तो वर्ग आज तेथें भरत नाहीं. पूर्वीं चांचणी घेऊन विद्यार्थ्यास अंकगणित, पूर्वबीजगणित, प्राथमिक व मध्यम बीजगणित अशा एखाद्या पायरीवर बसवीत. आणि तेथून कॉलेजच्या खऱ्या गणितापर्यंत पोंचण्यापूर्वीं प्रत्येक पायरीवर कांहीं माणसें गळत. म्हणून राज्यानें २०१७ सालीं कायदा केला. विद्यार्थ्यास एका वर्षाच्या आंत विद्यापीठाच्या तोलाचें गणित पुरें करतां येईल अशाच वर्गांत बसवावें, आणि लागेल ती मदत त्या वर्गाबरोबरच द्यावी, असा त्याचा आशय. २०१९ पासून त्याचा पुरा अंमल झाला. २०२२ सालीं दुसऱ्या कायद्यानें तो अधिक कडक केला. खालचे वर्ग बहुतेक बंद पडले.

ह्यावरून जांवईबापूंचा व आमचा वाद होतो. त्यांचें म्हणणें असें कीं, पायऱ्या चार असल्या म्हणजे पडण्याच्या जागाही चार होतात. तरुणाचीं दोन वर्षें तेथें जावींत हा अन्याय. हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. तो गोदामांतला तरुण आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. पण वीस-पंचवीस वर्षांनीं पुस्तक उघडणारी बाई एकदम वरच्या वर्गांत जाऊन बसली असती काय? ज्यास घाई आहे त्यास पायरी चुकवूं द्यावी. ज्यास पायरीच हवी आहे त्याच्याकरितां ती दारापाशीं असूं द्यावी. सक्ति नसलेली पायरी अडथळा होत नाहीं. “पायरी ठेवली कीं अधिकारी गरिबाला तीवरच बसवितात,” हें जांवईबापूंचें उत्तर. त्यास आम्हांजवळ अद्याप तोड नाहीं, आणि वाद चालूच आहे.

आपल्याकडे मुंबईच्या रात्रशाळा आहेत, नाशिकचें मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. दारें नाहींत असें नाहीं. पण दाराशीं जाण्यास घरचीं माणसें हंसणार नाहींत एवढी हमी लागते. ज्या घरांत सुनेचें शिक्षण लग्नानें मोडलें असेल, किंवा निवृत्त सासऱ्यास एखादें जुनें पुस्तक खुणावीत असेल, त्या घरानें आठवड्यांतल्या दोन सायंकाळीं त्या माणसास कामांतून मोकळें करावें. आमच्या बाबतींत त्या दोन सायंकाळीं स्वयंपाकघर कन्येनें सांभाळलें, आणि घरच्या अभ्यासांतील उत्तरें बारा वर्षांच्या नातीनें तपासलीं. तिच्या लाल पेन्सिलीच्या खुणा असलेली ती वही आम्हीं जपून ठेविली आहे.