प्रकल्प अहवालाचा पहिला वाचक

कर्जासाठी बँकेत येणाऱ्या प्रकल्प अहवालांत एक मोठे साम्य असते. धंदा कोणताही असो, तो पहिल्या वर्षी साठ टक्के क्षमतेने चालतो, दुसऱ्या वर्षी सत्तर आणि तिसऱ्या वर्षी ऐंशी. मिरजेजवळचा पशुखाद्याचा कारखाना असो की साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचे वर्कशॉप, आकडे तेच. उधारी वेळेवर वसूल होते, यंत्र कधी बंद पडत नाही आणि पाऊसही बेताने पडतो.

यात कोणी मुद्दाम खोटे लिहिलेले असते असे नाही. अहवाल करून देणाऱ्यापाशी नमुना तयार असतो. नाव, पत्ता आणि यंत्राचे दरपत्रक बदलले की काम भागते. अर्जदाराची समजूत अशी की, हा कागद बँकेला हवा आहे, आपल्याला नव्हे. मात्र त्याच कागदाच्या आधारावर घराचा उतारा तारण जातो, चुलते किंवा मेहुणे जामीनदार म्हणून सही करतात आणि पुढील सात वर्षांच्या हप्त्यांना कुटुंब बांधले जाते. एवढे सारे ज्या कागदावर उभे राहते, तो कर्जदाराने स्वतः एकदाही नीट वाचलेला नसतो, ही गोष्ट अनुभवी अधिकाऱ्यालाही अस्वस्थ करणारी आहे.

प्रकल्पाचा अभ्यास म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण याच भागात घडले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर विकला जाण्यास जवळपास दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. तो मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तोपर्यंत सातारा आणि सांगली यांचे व्यवहार असे मिसळलेलेच होते.

त्या वेळी आजच्यासारखा छापील नमुना असता आणि त्यात ‘मागील विक्री’ हा रकाना भरायचा असता, तर तो पाहून एखाद्या अधिकाऱ्याने प्रस्ताव बाजूला ठेवला असता. ते योग्य झाले नसते. ग्राहक का घेत नाही, कशाला भितो, फाळ कोठे झिजतो, कोणत्या जमिनीत नांगर अडतो, हे सारे त्या दोन वर्षांत कळले होते, आणि बाजाराचा अभ्यास तो हाच. शिवाय माळ ओसाड असला तरी जवळ रेल्वेचे स्थानक होते. कच्चे लोखंड आणायचे आणि जड नांगर पाठवायचे, तर सुपीक जमिनीपेक्षा स्थानकाचे महत्त्व अधिक. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव पायपीट केली. रयत शिक्षण संस्थेच्या कार्यापुढे त्यांच्या आयुष्यातील हे पर्व थोडे मागे पडते. पण शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून त्याचे म्हणणे ऐकण्याची सवय माणसाला काय देते, हे त्यावरून दिसते.

आता आजचा धंदा घेऊ. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांत कोरड्या हवेमुळे द्राक्षांचा बेदाणा चांगला होतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एका तरुणाला बेदाण्याची शेड उभारायची आहे असे समजा. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. द्राक्षे २५ रुपये किलोने पडली, तर बेदाण्याच्या किलोमागे १०० रुपये कच्च्या मालाचे झाले. मजुरी, डिपिंग ऑइल, प्रतवारी आणि खोकी यांचे ३० रुपये धरू. एकूण १३०. तयार नमुन्यात हा माल त्याच महिन्यात विकलेला असतो. प्रत्यक्षात हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा आणि चांगला भाव हवा म्हणून माल शीतगृहात राहतो तो कित्येकदा दिवाळीपर्यंत. आठ महिन्यांचे व्याज दरसाल बारा टक्क्यांनी किलोमागे सुमारे दहा रुपये चाळीस पैसे होते. शीतगृहाचे भाडे, अडत आणि घट वेगळीच. नमुन्यातील अहवालात किलोमागे पंधरा रुपये नफा दाखवलेला असेल, तर तो बहुतेक शीतगृहातच संपलेला असतो.

खेळत्या भांडवलाचे गणित याहून नाजूक आहे. लघुउद्योगांच्या कर्जाचा विचार करणाऱ्या नायक समितीने १९९२ मध्ये सोपा मार्ग सुचवला आणि रिझर्व्ह बँकेने तो स्वीकारला : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के एवढे खेळते भांडवल लागते असे मानावे, त्यांपैकी २० टक्के बँकेने द्यावे, ५ टक्के उद्योजकाने घालावे. यामागे गृहीत असे आहे की, पैसा वर्षातून चार वेळा फिरतो. बेदाण्याचा किंवा हळदीचा पैसा तसा फिरत नाही. उलाढाल दोन कोटींची असेल, तर या सूत्राने बँकेचे ४० लाख आणि स्वतःचे १० लाख मिळून ५० लाख होतात. पण दोन कोटींच्या मालाची मूळ किंमत एक कोटी सत्तर लाख धरली आणि एप्रिलअखेर निम्मा माल जरी शीतगृहात असला, तरी ८५ लाख अडकलेले असतात. उरलेले ३५ लाख कोठून येतात? अनेकदा ते खासगी सावकाराकडून किंवा घरातील सोने गहाण ठेवून येतात आणि ही गोष्ट कोणत्याच अहवालात नसते.

वस्तुतः २० टक्के ही किमान मर्यादा आहे. उत्पादनाचे चक्र लांब असेल, तर बँक अधिक रक्कम मंजूर करू शकते. मात्र ते चक्र कोणीतरी दाखवावे लागते. त्यासाठी बारा महिन्यांचा रोखप्रवाह महिनावार मांडावा लागतो. नमुना उतरवून काढणाऱ्याने आपला हक्काचा पैसाही मागितलेला नसतो, तो असा.

महिनावार कागद एकट्या संगणकावर तयार होत नाही. सांगली आणि तासगावच्या सौद्यांना चार वेळा जाऊन बसावे लागते. अडत्याकडून पट्टी खरोखर किती दिवसांनी मिळते, हे दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना विचारावे लागते. सर्वांत उपयोगी माहिती मिळते ती शेड बंद केलेल्या माणसाकडून. त्याच्याकडे जायला लोक संकोचतात. पण शांतपणे विचारले, तर तो हातचे काही राखत नाही.

जागेची चौकशी हा तर वेगळाच विषय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि पेठेत शिरले. त्याआधी २००५ च्या पुराने हरिपूरची पेवे बुडवली. जमिनीखालच्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. त्या पुरानंतर ती साठवणूक पुष्कळशी शीतगृहांकडे गेली. असे असूनही गोदामाच्या प्रस्तावात यंत्राच्या अश्वशक्तीपासून पंख्यांच्या संख्येपर्यंत सारे असते आणि जोत्याची उंची नसते. विम्यात पुराचा समावेश आहे की नाही, हेही एका ओळीत लिहिता येते.

लेखनाविषयी फार सांगण्यासारखे नाही. चाळीस पानांतील तीस पाने योजनांच्या परिपत्रकांची असतील, तर ती काढून टाकावीत. बँकेकडे ती असतात. पहिल्या पानावर किती पैसे हवेत, कशासाठी, स्वतःचे किती आणि परतफेड कशातून, एवढे यावे. एक पान वाईट वर्षासाठी ठेवावे : भाव वीस टक्के उतरला, अवकाळी पावसाने बेदाणा काळा पडला, तर हप्ता कोठून जाईल? अर्जदारांना भीती वाटते की, असे लिहिले तर कर्ज नाकारले जाईल. क्वचित तसे होतेही. पण ज्या वर्षात हप्ता भरताच येणार नाही हे कागदावरच दिसले, त्या कर्जाचा आकडा आधीच कमी करता येतो. शेड दोन टप्प्यांत बांधता येते, पहिला हप्ता हंगामानंतरचा मागता येतो.

हे पान घरात मोठ्याने वाचले जावे. सून वाणिज्य पदवीधर असते, आईला पूर्वीच्या दुष्काळातील आणेवारीसुद्धा आठवते, आणि त्या दोघींना कोणी काही विचारलेले नसते. जामीनदारालाही सहीपुरते शाखेत बोलावण्याआधी ते पान हातात द्यावे आणि वाचायला दोन दिवस द्यावेत. त्याने त्यावर पेन्सिलीने काही खुणा केल्या, तर अहवाल पुन्हा टंकायला फार तर एक दुपार लागते.