डोंगरी सायकलची परीक्षा

पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग आणि मागचा सांगाडा मात्र ताठ, अशा डोंगरी सायकलीला 'हार्डटेल' म्हणतात. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें मीं त्या शब्दाचा लागलीच विग्रह केला : कठिण आहे पुच्छ जिचें ती. बहुव्रीहि!

या कठिनपुच्छेवरून आमच्या घरांत तीन पक्ष पडले होते. नातवानें शिष्यवृत्तीचे पैसे साठवून स्वस्तांतली अशी सायकल घेण्याचें ठरविलें. त्याच्या वडिलांचें मत, थोडें थांबून स्कूटर घ्यावी. आणि आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, जुनी काळी सायकल काय वाईट? मुलाच्या श्रमाचा पैसा वायां जाऊं नये, एवढ्यावर मात्र सर्वांचें एकमत. निवाड्याचें काम मजकडे आलें. कारण पस्तीस वर्षें मी शाळेंत सायकलवरूनच गेलों.

डोंगरी सायकलचें कुळ अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाचें. १९७६ सालीं मरिन परगण्यांतील तरुणांनीं जाड टायरांच्या जुन्या सायकलींवर डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. मागच्या चाकांतला ब्रेक इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून शर्यतीचें नांवच 'रीपॅक' पडलें. आपल्या मुलांना डोंगर उतरावयाचा नसून कॉलेजांत जावयाचें असतें. तेव्हां डोंगरासाठीं घडलेलें हें वाहन पेठेंत कितपत उपयोगी, हाच खरा प्रश्न.

शेजाऱ्यांची त्याच जातीची सायकल मीं आठ दिवस मागून घेतली. रोज सदाशिव पेठेंतून कोथरूडला, आणि एका रविवारीं खडकवासल्यापर्यंत जाऊन आलों. पहिला गुण टायरांचा. दोन इंचांहून रुंद टायरांत हवा बेताची ठेवली, तर खड्डे मनगटांना फारसे जाणवत नाहींत. या सुखाचें श्रेय मी स्प्रिंगपेक्षां टायरांनाच अधिक देईन. स्वस्त चिमट्यांतील स्प्रिंग जड असते, आणि चढणीवर ती खालींवर होऊन पायांचें बळ फुकट खाते. दुसरा गुण तबकडीच्या ब्रेकांचा. पावसांत चाकाची कड भिजली कीं रबराचे ठोकळे घसरतात. तबकडी त्या मानानें भरंवशाची.

आतां दोष. टायरांवरील मोठ्या गांठी डांबरी रस्त्यावर गुणगुणतात व वेग खातात. सायकल जड, जिना चढवून न्यावयाची तर खांदा बळकट हवा. मडगार्ड बहुधा नसतें, म्हणजे पावसाळ्यांत पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. पुढें तीन व मागें सात दांतेरी चक्रें, मिळून एकवीस गिअर, असें दुकानदार अभिमानानें सांगतो. परंतु त्यांतील कित्येक एकमेकांसारखेच असतात. मला रोज चार-पांचच लागले. आणि मागेंपुढें दोन्हींकडे स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल तर घेऊंच नये. वजन वाढतें आणि बिघडावयाच्या जागाही वाढतात.

घेतांना रंगाकडे न पाहतां मापाकडे पाहावें. मधला दांडा दोन्ही पायांच्या मध्यें घेऊन उभें राहिलें असतां दांडा व शरीर यांत दोन-तीन बोटांचें अंतर राहावें. बैठकीची उंची अशी असावी कीं, पॅडल अगदीं खालीं असतांना गुडघ्याला किंचित् वांक राहील. माप चुकलें तर उत्तम सायकलही गुडघे दुखविते.

माझा निवाडा असा : सपाट रस्त्यानें बाजारांत जावयाचें व ओझें आणावयाचें, तर काळी सायकलच बरी. चढण, खड्डे, पाऊस आणि सुटीच्या दिवशीं कच्चा रस्ता, हें सारें ज्याला हवें, त्यानें कठिनपुच्छा जरूर घ्यावी. मात्र सगळे पैसे तिच्यावरच खर्चूं नयेत; कांहीं भाग बारीक नक्षीचे टायर, मडगार्ड, दिवे व कुलूप यांसाठीं राखावा. नातवानें हिशेब पुन्हां मांडला आणि त्याला आणखी दोन महिने थांबावें लागणार असें दिसलें. तो थांबावयास तयार आहे. आणि स्कूटरचा पक्ष तूर्त गप्प आहे.