पटावरची नावे

आमच्या उर्दू शाळेत लॅपटॉप सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या की बहुतेकांचा हात एकाच कामासाठी पुढे होतो. कोणतेही बटण दाबायचे आणि ते सगळे रद्द करायचे. 'एका डिस्कची तपासणी करणे गरजेचे आहे' एवढेच तिथे लिहिलेले असते. खाली सेकंद उलटे मोजले जात असतात. पण परिपाठाची घंटा झालेली असते. शिवाय घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. इंग्रजीची पाळी येते चौथी. म्हणून इंग्रजीतली सूचना आपण एक तर धमकी समजतो, नाही तर कटकट.

खरे म्हणजे शिक्षकाला ही सूचना सहज कळायला हवी. डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवली आहे, किती जागा रिकामी आहे, याचा एक हजेरीपट विंडोज ठेवते. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, बॅटरी संपली, की पटावरची नोंद अर्धवट राहू शकते. शंका आली की विंडोज डिस्कच्या त्या भागावर एक खूण करते. तिला 'डर्टी बिट' म्हणतात. पुढच्या वेळी ती खूण दिसली की 'चेकडिस्क' तपासणीला निघते. आधी फायली, मग फोल्डरांच्या सूची, मग कोणाला काय उघडण्याचा हक्क आहे त्या नोंदी. मुलगा पटावर आहे पण बाकावर नाही, बाकावर आहे पण पटावर नाही, असे सारे ती जुळवून पाहते. ज्यांचे नावच सापडत नाही असे तुकडे वेगळ्या फोल्डरात नुसत्या क्रमांकाने ठेवले जातात. बटण दाबून तपासणी रद्द केली तरी खूण पुसली जात नाही. म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच सूचना.

दुसरी एक सूचना मात्र वेगळी असते: 'हार्ड डिस्कमध्ये बिघाड आढळला आहे, ताबडतोब फायलींची प्रत काढून घ्या.' ही पटाची चूक नव्हे. वर्गाच्या भिंतीलाच तडा गेल्याची खबर आहे, आणि ती डिस्क स्वतःच देते.

माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर या दोन्ही सूचना एकाच आठवड्यात आल्या. त्यात नानीच्या आवाजातली बावीस दखनी गाणी होती. हळदीची, मेहंदीची, बाळाला निजवायची. नानीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे ती कुठल्याच वहीत नव्हती. जिच्यावर ती टिपली तो फोन केव्हाच बंद पडला होता, आणि नानीही आता नाही.

दुकानदार म्हणाला, "सर, आधी चेकडिस्क मारा." मी आधी पेनड्राइव्ह लावला. कारण चेकडिस्कचे काम पट जुळवणे आहे, मजकूर वाचवणे नव्हे. जुळवताना ती एखादी फाइल तोडूही शकते. खराब जागा शोधणारी लांबलचक तपासणी तर पूर्ण डिस्क वाचून काढते. आजारी डिस्कला तेवढे श्रम शेवटचे ठरू शकतात.

एकवीस गाणी उतरली. एक अडकले. त्यानंतरच रात्रभर तपासणी चालवली. सकाळी निकालात खराब जागांचा आकडा होता आणि ते गाणे अर्ध्यावर तुटत होते.

अम्मीला ऐकवले. आवाज तुटला तिथून तिने पुढच्या दोन ओळी म्हटल्या, मग थांबली. तिसरी तिला आठवेना. त्या दोन मी उर्दूत लिहून घेतल्या, खाली तारीख घातली आणि एक ओळ कोरी सोडली. आता खालाजानला विचारायचे आहे. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. या सुट्टीतच जायला हवे.